पाच एमबीची मर्यादा आणि सराबाईंची जागा

"तुमच्या टपालानं माझ्या दिराला दारातूनच परत धाडलंन, भाऊ. एकदा नाय, दोनदा."

सराबाई माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या. बसा म्हटले तरी बसल्या नाहीत. हातातला फोन त्यांनी माझ्यापुढे असा धरला होता, की जणू त्यात अजून कोणी बोलत आहे.

"कारण काय देतात?" मी विचारले.

"म्हणत्यात, साईज जास्त हाय. आता मेलेल्या माणसांची साईज कमी कशी करायची, ते तुम्हीच सांगा."

तो गुरुवार होता. सोमवारी सकाळी सुनावणी होती.

मी व्यवसायाने अर्जनवीस आहे. पेणला कचेरीसमोर माझे टेबल आहे आणि रोह्यास एक खोली आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. परंतु माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणावरून आजवर परत आलेला नाही, आणि वकील मंडळीसुद्धा अडल्या वेळी माझ्याकडून मसुदा तपासून घेतात. हे सांगण्याचे कारण एवढेच, की पुढे जो प्रकार घडला तो अज्ञानातून घडला असा वाचकांचा समज होऊ नये. तो आमच्या धंद्यातील दोन चांगल्या नियमांमधून घडला.

सराबाईंचे गाव रोह्याच्या खाली, खाडीच्या अंगाला. त्यांच्या ज्यू समाजाची एकेकाळी तिथे आळी होती. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत, शनिवारी काम बंद. हळूहळू सगळे इस्रायलला गेले. सराबाईंचे यजमान शालोम गेले नाहीत, म्हणून सराबाईही गेल्या नाहीत. आज त्या आळीत दिवा लागतो तो त्यांच्या एकट्यांच्या घरात. शालोम वारले तेव्हा प्रार्थनेसाठी लागणारे दहा पुरुष मुंबई-ठाण्याहून येईपर्यंत दुपार कलली. खांदा दिला तो शेजारच्या मिठागरातल्या आगरी मंडळींनी.

दफनभूमी गावाच्या कडेला आहे. सर्वांत जुन्या कबरी पश्चिमेला, जांभळीच्या झाडाखाली. तिथून ओळ पूर्वेकडे सरकत जाते. शालोमची कबर ओळीच्या शेवटी. तिच्या शेजारी एक जागा मोकळी सोडलेली आहे. ती सराबाईंची.

आता धाटावच्या कारखान्यांच्या गाड्यांसाठी एक जोडरस्ता निघाला आणि त्याची कड दफनभूमीच्या पूर्वेकडून आत शिरली. मोजणीदार आले तेव्हा त्यांना पूर्वेच्या सखल भागात एकही दगड दिसला नाही. दिसणार कसा? एका पावसाळ्यात खाडीचा बांध फुटला होता. गाळ आला, दगड बसले, वर गवत माजले. नकाशावर तो भाग "मोकळी जागा" म्हणून नोंदला गेला.

दगड तिथे होते याचा पुरावा एकाच माणसाकडे होता. शालोमचे इस्रायलला राहणारे धाकटे भाऊ एलियाभावजी बांध फुटण्याआधीच्या हिवाळ्यात गावी येऊन गेले होते. त्यांनी प्रत्येक कबरीचा, दगडावरील नावासकट, मोठ्या कॅमेऱ्याने फोटो काढला होता. मी हरकतीचा अर्ज लिहिला, पोच घेतली. फोटोंबद्दल कारकुनाने अटी सांगितल्या.

"व्हॉट्सॲपवरचे फोटो चालणार नाहीत. त्यात तारीख उरत नाही. मूळ फाइल पाहिजे. पेन ड्राइव्ह आमच्या मशीनला लावायला मनाई आहे. लिंक आम्ही उघडत नाही. अर्जात दिलेल्या पत्त्यावरूनच ई-मेलने द्या."

"देतो," मी म्हणालो. मला त्यात अवघड काही वाटले नाही. माझा स्वतःचा मेल सर्व्हर होता.

सर्व्हर म्हणजे काय, ते साध्या शब्दांत सांगतो. तुम्ही-आम्ही फुकटचा ई-मेल वापरतो तेव्हा आपले टपाल परक्याच्या टपालघरात असते. मी स्वतःचे टपालघर काढले होते. माझ्या नावाचा पत्ता, माझे यंत्र. फुकटच्या पत्त्यावरून आलेल्या अर्जाकडे कचेरी तुच्छतेने पाहते, असे माझे मत होते आणि आहे. धाटावच्या एका कंपनीने जुनी यंत्रे विकायला काढली, त्यातले एक मी घेतले आणि रोह्याच्या खोलीत बसवले. बसवून दिले प्राजक्ताने. ही धाटावलाच एका केमिकल प्लांटमध्ये तंत्रज्ञ आहे. शिफ्ट संपल्यावर गावातल्या दोन-चार ऑफिसांची कॉम्प्युटरची कामे करते.

बसवताना मी तिला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली, कोणत्याही टपालाची मर्यादा पाच एमबी ठेव. एमबी म्हणजे फाइलचे वजन. आमच्या धंद्यात शिकलेली पहिली गोष्ट ही, की चार पानांच्या वर गेलेला अर्ज साहेब वाचत नाही. लोकांना मोठी पिशवी दिली की ते घरातले सगळे कागद भरून आणतात. पिशवीच लहान ठेवायची. दुसरी गोष्ट, टपाल फक्त रोह्याच्या खोलीतच उघडले पाहिजे. बाहेरून, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा फोनवरून मुळीच नाही. असे बाहेरून उघडण्याला रिमोट ॲक्सेस म्हणतात. माझ्याकडे लोकांच्या वाटण्यांचे, सोडचिठ्ठ्यांचे कागद असतात. ते कुलपात असलेले बरे.

"भाऊ, तुम्ही पेणला बसता, मशीन रोह्याला. रिमोट नाय ठेवलंत तर हाल होतील," प्राजक्ता म्हणाली होती.

"मी आठवड्यातून दोनदा रोह्याला येतो."

"बरं. तुमचं टपाल, तुमचं कुलूप."

तर पाच एमबीची पिशवी माझी. आणि एलियाभावजींना सूचना दिली होती तीही माझीच: सर्व फोटो एकाच ई-मेलमध्ये पाठवा, सुटे पाठवू नका. कचेरीत सुटा कागद गहाळ होतो. मी पंचवीस वर्षे अर्जाला पुरावे दोऱ्याने शिवून देत आलो आहे. शिवलेले काही हरवत नाही. हा दुसरा नियम. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर होते. मात्र सगळे फोटो एकत्र केल्यावर त्यांचे वजन साठ एमबीच्या आसपास गेले, आणि पाच एमबीच्या दाराने ते परत पाठवले.

मी प्राजक्ताला फोन लावला. बंद. तिच्या प्लांटमध्ये मोबाईल आत नेता येत नाही. गेटवर जमा करावा लागतो. संध्याकाळी तिचाच फोन आला.

"भाऊ, आमच्याकडे शटडाऊन लागलाय. वर्षाची दुरुस्ती. रविवारपर्यंत मला श्वास घ्यायला फुरसत नाय."

"मर्यादा वाढवायची आहे. सोमवारी सुनावणी आहे."

"मग तुम्हीच जाऊन करा. सांगते तसं लिहा. एकच ओळ बदलायची हाय. दुसऱ्या कशाला हात लावू नका."

मी लिहून घेतले. शुक्रवारी सकाळी एसटीने रोह्याला गेलो. खोली उघडली, सेटिंगची फाइल काढली, मेसेज साईज लिमिटची ओळ शोधली. पाचाच्या जागी शंभर एमबी केले. सेवा बंद करून पुन्हा चालू केली. यंत्राने कोणताही दोष दाखवला नाही. मी समाधानाने सराबाईंना कळवले आणि त्यांनी एलियाभावजींना. थोड्या वेळाने एलियाभावजींनी स्वतःच मला फोन केला. आवाज वयस्क, बोली मात्र आपल्याच खाडीची, अजिबात न बदललेली.

"भाऊसाहेब, पेणचे पापड अजून तसेच मिळतात काय हो?"

"मिळतात. तुम्ही टपाल पाठवा आधी."

"आता नाय जमायचं. नात कामावरून घरी येईस्तोवर आमच्याकडे शब्बाथ लागेल. तिच्या कंपनीच्या टपालातनं एवढं जड जातं, माझ्या नाय. उद्या रात्री, शब्बाथ सुटला की धाडतो."

"सोमवारी सुनावणी आहे, एलियाभावजी."

"ठाऊक हाय. पण आईबापांच्या कबरी वाचवायला शब्बाथ मोडला, तर ते काय म्हणतील मला?"

शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत. त्या काळात ही मंडळी यंत्राला हात लावत नाहीत. सराबाईही शनिवारी फोन उचलत नाहीत, हे मला माहीत होते.

रविवारी सकाळी सराबाईंचा फोन आला. "भाऊ, धाडलंन रात्री. परत नाय आलं!"

टपाल परत आले नाही म्हणजे पोहोचले. रजिस्टर पोस्टाचा हा हिशेब मी आयुष्यभर केलेला आहे. मी प्रिंटसाठी चांगला कागद घेतला आणि रोह्याची गाडी पकडली.

खोलीत येऊन टपाल उघडले. पेटी रिकामी होती. एलियाभावजींचे टपाल नव्हते. एवढेच नाही, शुक्रवार दुपारनंतर कोणाचेच काही आलेले नव्हते. वाटणीवाले, रेशनकार्डवाले, सगळेच जणू एकदम गप्प झाले होते. परत नाही, आत नाही. मग टपाल होते कुठे?

मी रिक्षाने धाटावला प्लांटच्या गेटवर गेलो. वॉचमनने आत सोडले नाही.

"प्राजक्ता म्हात्रेंना निरोप द्यायचा आहे."

"आत निरोप जात नाय. शटडाऊन हाय."

"तातडीचं काम आहे."

"इथं आलेला प्रत्येक जण तातडीचाच असतो काका. कोण मेलंय काय?"

"मेलेत," मी म्हणालो. "पण जुने."

त्याने माझ्याकडे पाहिले. कसला तरी विचार करून म्हणाला, "चिठ्ठी द्या. शिफ्ट सुटताना देतो. बघू." मी चिठ्ठी दिली आणि पेणला परतलो.

सोमवारी सुनावणीला सराबाई पांढरे लुगडे नेसून आल्या होत्या. साहेब तरुण होते आणि माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला. कारकुनाने पूर्वेची कड दाखवली.

"इथे कबरी आहेत असं अर्जदारांचं म्हणणं आहे. मोजणीत आढळल्या नाहीत."

"पुरावा?" साहेबांनी मला विचारले.

"पुरावा इस्रायलहून निघालेला आहे. तांत्रिक अडचणीमुळे मध्येच अडकला आहे."

सराबाई पुढे झाल्या. त्यांनी नकाशावर बोट ठेवले आणि पश्चिमेकडून सुरुवात केली. हे सासऱ्यांचे आजोबा. ही त्यांची बायको. हे थोरले चुलते. हे मूल पटकीत गेलेले, त्याला नाव ठेवायचे राहून गेले होते. बोट पुढे सरकत होते, नावे येत होती. नकाशावरची कोरी जागा भरत चालली होती, निदान मला तसे दिसत होते. शेवटी बोट थांबले.

"हे आमचे. आणि ही माझी जागा."

साहेबांनी त्या बोटाखालची रेघ वाकून पाहिली. मग म्हणाले, "बाई, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण नकाशात विश्वास लिहिता येत नाही. मला वर उत्तर द्यावं लागतं. आज कार्यालय बंद होईपर्यंत फोटो कार्यालयाच्या मेलवर आले तर विचारात घेतो. त्यानंतर आलेले घेता येणार नाहीत. वेळ मशीनच टाकतं, मी नाही."

"कबरी दुसरीकडे हलवायची तरतूद आहे," कारकुनाने सुचवले.

"आमच्यात उकरत नाय," सराबाई म्हणाल्या. तेवढेच.

आम्ही टेबलाशी येऊन बसलो. माझा लॅपटॉप होता, पण रोह्याचे टपाल त्यावर उघडणार नव्हते, कारण ते कुलूप मीच घालायला लावले होते. रोह्याला जाऊन परत यायला वेळ पुरला नसता. सराबाईंनी पदराखालून डबा काढून तांदळाची भाकरी पुढे केली. मी ती हातात धरून फोनकडे पाहत राहिलो. त्यांनी मात्र व्यवस्थित खाल्ले.

दुपार टळल्यावर प्राजक्ताचा फोन आला.

"भाऊ, चिठ्ठी आत्ता मिळाली. काल मी सुटले तेव्हा हा वॉचमन गेलेला. वॉचमन म्हणतो, कोणीतरी जुनं मेलंय. गेटपास काढून खोलीवर आलेय. शेजारच्या काकींकडून चावी घेतली."

"टपाल कुठे आहे?"

कळफलकाचा खडखडाट ऐकू आला. मग ती म्हणाली, "अगो बाई."

"काय झालं?"

"टपाल इथंच हाय भाऊ. शनिवारी रात्रीच आलंय. दारातनं आत आलं, पण पेटीत गेलं नाय. रांगेत उभं हाय."

तिने समजावले ते असे. मर्यादा एका ठिकाणी नसते. एक मर्यादा टपालाची, एक मर्यादा पेटीची. मी दार शंभर एमबीचे केले. आतली पेटी मात्र पन्नासचीच राहिली. पेटी दारापेक्षा लहान दिसली की हे यंत्र गोंधळते आणि कोणाचेच टपाल पेटीत टाकत नाही. पोस्टमन पार्सल घेऊन ओटीवर बसून राहतो. परतही जात नाही, हाकही मारत नाही.

"तू मला एकच ओळ सांगितली होतीस," मी म्हणालो.

"सांगितली. गेटवर उभी राहून सांगितली. वॉचमन हात पुढे करून उभा होता मोबाईल मागत. चुकलं माझं." ती थांबली. "आता ओरडताय की काम करू?"

"काम कर."

तिने पेटी मोठी केली आणि रांग सोडली. मग म्हणाली, "टपाल पेटीत पडलं. आता तुम्हाला पेणला बसून पाहिजे तर रिमोट उघडावा लागेल. उघडू?"

"पासवर्ड मजबूत ठेव."

"भाऊ, तुमच्या कुलपाची काळजी मागून करू."

रिमोट उघडणे म्हणजे सर्व्हरच्या भिंतीतली एक खिडकी बाहेरच्या जगाला मोकळी करणे. त्या खिडकीला पोर्ट म्हणतात. तिने खिडकी उघडली, मला सेटिंग सांगितले आणि माझ्या लॅपटॉपवर, पेणच्या कचेरीसमोर, रोह्याची पेटी दिसू लागली. मोबाईलच्या नेटवर फोटो उतरायला फार वेळ लागला. सराबाई पडद्याकडे पाहत होत्या. पहिला दगड उमटला. मग दुसरा. प्रत्येक दगड दिसला की त्या मान हलवत, कोणी ओळखीचे समोरून गेल्यासारखी.

मी सगळे फोटो शिवलेल्या स्थितीत, एकाच टपालात, कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवले. सोबत थोडक्यात विनंती. काही वेळातच ते परत आले. इंग्रजीतला मजकूर वाचायची गरजच नव्हती. साईज जास्त.

"माझी मर्यादा वाढवली आहे ना?" मी फोनवर विचारले.

"तुमची वाढवली. त्यांची कोण वाढवणार? त्यांचा सर्व्हर त्यांचा. वरून ठरलेलं असतं. बहुतेक दहा एमबी. आणि फोटो टपालात घातला की फुगतो, हे धरून चाला."

"मग?"

"शिवण उसवा भाऊ. एकेक फोटो वेगळा धाडा."

हा सल्ला पंचवीस वर्षांच्या सवयीविरुद्ध होता. पण दुसरा मार्ग नव्हता. मी पहिले टपाल तयार केले आणि सराबाईंना विचारले, "कोणता आधी पाठवू?"

आमच्या टेबलाशी बसणाऱ्या माणसाला हा प्रश्न कधी पडत नाही. बाकी कोणी असते तर आपल्याच माणसावर बोट ठेवले असते. सराबाईंनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी घरातल्या पंक्तीत पान कोणाचे आधी मांडायचे ते विचारले.

"मोठ्यांना आधी. जांभळीकडनं सुरुवात करा. आमचे शेवटी."

मी तसेच केले. अर्जदाराने सांगितलेला क्रम बदलायचा नाही, हाही आमच्या धंद्यातला नियम आहे. सासऱ्यांचे आजोबा गेले. त्यांची बायको गेली. थोरले चुलते गेले. एकेका टपालाला नेट अडखळत होते. खिडकीतून रोह्याला, रोह्याहून परत पेणला, समोरच्याच इमारतीत. रस्ता ओलांडून मी ते हातात देऊ शकलो असतो, पण ते चालणार नव्हते.

"भाऊ, किती राहिले?" प्राजक्ताने विचारले. "मला परत जायचंय, गेटपासची वेळ संपतेय."

"थोडे."

"मी जाते. आता माझं काही नाय उरलं, तुमचं नेट आणि तुम्ही."

नाव न ठेवलेले मूल गेले. त्याच्या दगडाचा फोटो मोठा होता, तो जायला सर्वांत जास्त वेळ लागला. समोर कचेरीतले लोक पिशव्या घेऊन बाहेर पडू लागले. शिपाई खिडक्या लावत होता. मी म्हणालो, "सराबाई, आता यजमानांचा पाठवू? मधले मागून पाठवतो."

"मध्ये त्यांची आई हाय."

"वेळ कमी आहे."

"आईला ओलांडून जायचे नायत ते. कधी गेले नाय."

मी आईचा फोटो पाठवला. तो गेला. मग शालोमचा जोडला, पाठवायची कळ दाबली. पट्टी अर्ध्यावर आली आणि थांबली. मग पुन्हा चालू झाली. समोर शिपायाने दाराला कुलूप लावले. त्यानंतर थोड्या वेळाने पडद्यावर "पाठवले" असे आले.

शालोमचा फोटो पोहोचला. परत आला नाही. पण त्यावर पडलेली वेळ कार्यालय बंद झाल्यानंतरची होती. दुसऱ्या दिवशी कारकुनाने मला ती स्क्रीनवर दाखवली. त्याचीही काही चूक नव्हती.

निकाल यथावकाश आला. साहेबांनी शब्द पाळला. वेळेत आलेल्या प्रत्येक फोटोतली कबर नकाशात घेतली, रस्त्याची कड तेवढी मागे सरकवली आणि कुंपणाची रेघ आखली. सासूबाईंच्या कबरीपर्यंत. शालोमची कबर आणि शेजारची मोकळी जागा कुंपणाच्या बाहेर राहिली. मी फेरविचाराचा अर्ज केला, चार पानांचा, चांगला. उत्तर एका ओळीचे आले: मुदतीनंतर सादर झालेला पुरावा विचारात घेता येत नाही. भाषेत चूक काढायला जागा नव्हती. मी असतो तर मीही तसेच लिहिले असते.

तो कागद मी सराबाईंना वाचून दाखवला. या वेळी न सांगताच त्या बसल्या.

"कुंपणाच्या आत आता कुठं जागा हाय काय, भाऊ?"

"जांभळीच्या बाजूला थोडी आहे."

"म्हणजे पार मोठ्यांच्या पायथ्याशी. मी सून त्यांची, तिथं बरी दिसेन काय?" त्या उठल्या. "एलियाभावजींना सांगू नका. ते म्हणतील, शब्बाथमुळं झालं. त्याच्यामुळं नाय झालं."

कशामुळे झाले हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

आता रस्ता झाला आहे. धाटावच्या शिफ्टच्या बसेस तिथून जातात. प्राजक्ताही त्याच बसने जाते. म्हणते, त्या वळणावर मी खिडकीतून बघत नाय. सर्व्हर चालू आहे. पेटी मोठी आहे, दार तिच्यापेक्षा लहान ठेवले आहे आणि रिमोट उघडा आहे. तो बंद करा असे प्राजक्ताने दोनदा सुचवले. बाहेरून कोणीतरी पासवर्डचे प्रयत्न करत असतात म्हणे. मी बंद केलेला नाही. सराबाई पेणला बाजाराला आल्या की टेबलाशी येतात आणि म्हणतात, "दाखवा." मी लॅपटॉप उघडतो, रोह्याच्या पेटीतून शालोमचा दगड पडद्यावर येतो. त्या वाकून त्यावरचे नाव वाचतात. मान हलवतात. मग वांगी, सुके बोंबील घेऊन एसटीकडे जातात.

धंद्यात अजूनही मी अर्ज चार पानांचाच लिहितो. पुरावे मात्र आता शिवत नाही. टपाल पाठवण्याआधी आपली मर्यादा पाहतो, पेटीची पाहतो, समोरच्याची विचारून घेतो. हे कोणीही शिकेल. एक गोष्ट मात्र मी माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्यांना वेगळी सांगतो. कोणता कागद आधी पाठवू, असे अर्जदाराला विचारू नका. तो घरची रीत सांगेल. कशासाठी आलात, एवढेच विचारा, आणि तो कागद आधी पाठवा.